नर्सबाई : जुन्नर-आंबेगावच्या एका आजीची आठवण



आंबेगाव तालुक्यातील एका लहानशा बुद्धविहारात नुकताच एका वृद्ध मातेच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वयाची ऐंशी वर्षे ओलांडून त्या कालकथित झाल्या. आम्ही त्या कार्यक्रमाला हजर होतो. कोणी पुढारी नव्हता, हारतुरे नव्हते, लाऊडस्पीकरही नव्हता. पण विहारात जागा पुरली नाही, म्हणून माणसे बाहेर चिंचेखाली बसली. त्यात आपला समाज होताच, पण पश्चिमेच्या डोंगरातून आलेले महादेव कोळी बांधव होते, बागायती गावांतल्या मराठा घरांतील बाया होत्या, जुन्नरच्या बाजारात दुकान असलेले एक मुसलमान गृहस्थही होते. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील दिले आणि मग ज्याला बोलायचे त्याने बोलावे असे सांगितले. जो उठला तो हेच सांगू लागला, "माझा जन्म यांच्या हातचा." कोणी म्हणाले, "माझ्या लेकीचा." एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "माझा, माझ्या लेकाचा, आन् नातवाला पहिली सुई बी त्यांचीच."

त्या नर्स होत्या. घरच्यांच्या इच्छेवरून त्यांचे नाव आणि गाव आम्ही येथे देत नाही. त्यांना स्वतःलाही नाव छापून येणे आवडले नसते. घरात आणि वस्तीत त्यांना आक्का म्हणत. घोडेगावपासून जुन्नरपर्यंत त्या साऱ्यांच्या नर्सबाई होत्या. या सदरात आम्ही मोठमोठ्या माणसांवर अनेकदा लिहिले आहे. या खेपेला आक्कांवर लिहितो, कारण त्यांच्या आयुष्यात आपल्या समाजाचा एक मोठा प्रश्न उभा राहिला होता आणि त्यांनी तो आपल्या परीने सोडवला होता.

सटवाई नव्हे, विळा

आक्कांचा जन्म १९४३ सालचा, घोड नदीच्या खोऱ्यातला. वडिलांकडे गावकीचे वतन होते. वतन म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. गावाची वर्दी पोचवायची, सरकारी माणसांचे सामान वाहायचे, मेलेले जनावर ओढायचे, आणि त्याबद्दल दारोदार जाऊन बलुत्याचे धान्य आणि शिळी भाकर घ्यायची. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. आक्का तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. त्या वर्षापासून वडिलांनी ओढकाम सोडले आणि बलुतेही सोडले. पुढे १९५८ च्या कायद्याने वतनेच संपली. पण बलुते सोडले त्या वर्षी घरात दोन वेळची चूल पेटत नव्हती, हे आक्का शेवटपर्यंत सांगत.

त्यांच्या आईची दोन मुले जन्मल्यावर आठवड्याच्या आत गेली. दोन्ही मुले जन्मली तेव्हा धडधाकट होती. सहाव्या-सातव्या दिवशी दूध ओढेनाशी झाली, जबडा आवळला, अंग धनुष्यासारखे ताठ झाले आणि संपली. त्या काळी लोक म्हणत, पाचवीला सटवाईने कपाळावर तेवढेच लिहिले होते. कोणी म्हणे पूजेत चूक झाली, कोणी म्हणे बाहेरचे लागले. आईने सटवाईला नवस केले, तरीही दुसरे मूल गेले.

पुढे प्रशिक्षणात आक्कांना कळले की तो धनुर्वात होता. मातीत आणि शेणात त्याचे जंतू असतात. गवत कापायच्या विळ्याने नाळ कापली, वर राख किंवा शेण लावले, की ते जंतू नाळेतून बाळाच्या अंगात जातात. विळा उकळला असता, किंवा नवे पाते वापरले असते आणि नाळ कोरडी ठेवली असती, तर दोन्ही भाऊ जगले असते. आक्का म्हणत, "ज्या दिवशी हे वर्गात शिकवलं, त्या रात्री मला झोप न्हाई. आईनं सटवीला कोंबडं दिलं, आन् विळा तसाच कुडाला खोचलेला!"

आपल्याकडे अंधश्रद्धेवर भाषणे पुष्कळ होतात. आक्कांनी भाषण केले नाही. बाळंतिणीच्या घरी गेल्या की पहिला प्रश्न, "विळा कुठाय?" तो त्या स्वतः उचलून बाहेर ठेवीत आणि मग चुलीवर पाण्याचे आधण चढवीत. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पाते स्वच्छ, दोरा स्वच्छ आणि नाळ स्वच्छ, ही पाच बोटांवरची पाच कलमे त्यांनी गावोगावच्या सुइणींकडून पाठ करून घेतली. सुइणींना त्यांनी कधी हिणवले नाही. "त्यांच्या हातात कला हाय, फक्त साबण न्हाई," असे त्या म्हणत. गरोदरपणी आईला धनुर्वाताची सुई आणि स्वच्छ बाळंतपण, या दोन गोष्टींनी देशभर काम केले. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात हटल्याचे जाहीर झाले. ती बातमी नातीने वाचून दाखवली तेव्हा आक्का काही बोलल्या नाहीत. भिंतीवरच्या रमाईच्या फोटोकडे बघत राहिल्या. रमाईची गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे गेली. बाबासाहेबांसारख्या विद्वानाच्या घरात गरिबीने चार लेकरे नेली, मग आपल्या वस्त्यांत किती गेली असतील, याचा हिशेब कोणी ठेवला?

पांढरी साडी आणि जुना प्रश्न

सातवी झाल्यावर आक्कांचे लग्न झाले. यजमान मुंबईला गिरणीत. एक मूल झाल्यावर त्यांनी पुण्यात नर्सिंगच्या दोन वर्षांच्या शिक्षणाला अर्ज केला. सहायक परिचारिका-प्रसविका असे त्याचे लांबलचक नाव, लोकांच्या तोंडी ए.एन.एम. तेव्हा सातवी पास मुलींना त्यात घेत असत. दीड वर्षाचा मुलगा सासूबाईंनी सांभाळला. त्या सासूबाईंना स्वतःची सही येत नव्हती, पण सुनेला म्हणाल्या, "तू जा. पोराला मी बघते. बाबासाहेबांनी शिका म्हणलंय, ते फक्त गड्यांना न्हाई म्हणलं."

विरोध झाला तो वस्तीतूनच. आणि तो विरोध मूर्खपणाचा नव्हता, हे आजच्या वाचकांनी समजून घ्यावे. वस्तीतले जाणते म्हणाले, "आपण घाण काम सोडलं. मेलेलं ढोर ओढणं सोडलं. त्यासाठी उपाशी राहिलो. आणि आता आपली सून गावाच्या बायांची वार काढणार, रक्त-घाण धुणार? पांढरी साडी नेसली म्हणून काम बदललं का?" बाळंतपणाची घाण काढणे हे गावगाड्याने पिढ्यान्‌पिढ्या खालच्या म्हटलेल्या जातींच्या बायांवर लादले होते. गावाला त्यांच्या हातची सुटका हवी असे, पण सुटका झाल्यावर त्याच हातांचा विटाळ होई.

आक्कांचे उत्तर आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. त्या म्हणाल्या, "मामा, घाण कामात न्हाई. जन्मामुळं करावं लागतं, नको म्हणता येत न्हाई, आन् त्याचा मोबदला कोणाच्या मर्जीनं शिळा तुकडा मिळतो, घाण तिथं हाय. मी परीक्षा देऊन जाणार, पगारपत्रकावर सही करून पगार घेणार. आन् नको वाटलं तर राजीनामा देणार." इतका स्पष्ट विचार विशीतल्या मुलीने मांडावा, ही बाबासाहेबांच्या चळवळीची कमाई आहे.

नोकरीत लागल्यावर त्यांनी एक नियम केला. बाळंतपणानंतर कोणी खण-नारळ, ज्वारी-बाजरी, जुनेर पुढे केले तर घ्यायचे नाही. लोक रागवत. एका घरी म्हातारीने पदर पसरून विनवले. आक्का म्हणाल्या, "आजी, मला सरकार पगार देतं. तुम्हाला द्यायचंच असलं तर सुनेला चार दिवस दूध द्या." पण डोंगरातल्या कोळ्यांच्या वाडीत गेल्या की चुलीपाशी बसून त्यांच्या ताटातली नाचणीची भाकरी खात. तिथे हिरडा गोळा करून आणि भातखाचरे लावून लोक जेमतेम पोट भरत. आम्ही विचारले, "इथलं घेता, तिथलं का नाही?" म्हणाल्या, "इथं माझ्या शेजारी बसून जेवतात. तिथं उंबऱ्याबाहेर ठेवून देतात."

पाण्याची गोष्ट

हा अनुभव त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षीचा. गावाचे नाव त्यांनी कधी सांगितले नाही. मोठ्या घरातली सून अडली होती. रात्रीची वेळ, पाऊस. आक्कांना बोलावणे आले. पायाळू मूल होते. दोन तास झटून त्यांनी सोडवले. मूल रडले, आई वाचली. घरातल्या थोरल्या बाईने आनंदाने बाळ घेतले आणि लगेच त्याच्यावर गोमूत्र शिंपडले, कारण पहिला हात आक्कांचा लागला होता. आक्कांना बाहेर पडवीत कान तुटलेल्या कपात चहा आला. हात धुवायला पाणी वरून ओतले.

आक्का म्हणाल्या, "काकी, लेकराच्या अंगाला पहिला हात माझा लागला, आता शिंपडून तो निघणार न्हाई. तुमच्या समाधानासाठी अंगावर शिंपडलं तर शिंपडलं. पण नाळंवर त्यातलं एक थेंब जाऊ देऊ नका, धनुर्वात होईल." चहाला हात न लावता त्या निघाल्या. तिसऱ्या दिवशी नाळ पाहायला पुन्हा त्याच घरी गेल्या, कारण तो त्यांच्या कामाचा भाग होता. तिसऱ्या वेळी त्या घरच्या सुनेने स्वतः आतून तांब्या-भांडे आणले आणि सासूसमोर आक्कांच्या हातात दिले. सासू काही बोलली नाही. इतकेच झाले. त्या गावाचे मन बदलले असा दावा आक्कांनी कधी केला नाही. त्या म्हणत, "एका बाईचं बदललं. तेवढ्यानं मला तिथं पाणी मिळायला लागलं."

जुन्नरची लेणी त्यांना फार प्रिय होती ती या पाण्यामुळे. सुट्टीत नातवंडे आली की त्यांना लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढवून नेत, कधी मानमोडीला नेत. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा अशा डोंगरांत जुन्नरभोवती दीडशेहून अधिक बौद्ध लेणी आहेत, त्यांतली कित्येक दोन हजार वर्षांपूर्वीची. आज गिरिजात्मज गणपतीचे देऊळ आहे तेही मुळात भिक्खूंचा विहार. लेण्यांपाशी पाण्याची टाकी खोदलेली आहेत. शिलालेखांत त्यांना पोढी म्हटले आहे, आणि ती कोणी दान दिली हे कोरून ठेवले आहे. दान देणाऱ्यांत राजाचा अमात्य आहे, दूरदेशीचे यवन आहेत, आणि धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार अशा कारागिरांच्या श्रेणींचेही उल्लेख आहेत. आक्का नातवंडांना टाक्याच्या काठावर बसवत आणि म्हणत, "बघा, इथं टोपल्या-सुपं वळणाऱ्यांचं बी नाव दानात हाय. पाणी कोणाचं, ह्ये विचारायची रीत मागून आली." चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. नातवंडांना तो धडा लेण्याच्या टाक्यावरच पाठ झाला.

डोंगरातली वीस वर्षे

आक्कांची पहिली वीस वर्षे पश्चिम भागातल्या उपकेंद्रांवर गेली. आज त्या रस्त्याने मोटारसायकली जातात. तेव्हा पावसाळ्यात चार महिने गावे तुटत. डोक्यावर इरले, काखेत पेटी, पायात काही नाही. पेटीत काचेच्या सिरिंजा, सुया, त्या उकळायला पितळी डबा, स्पिरिट, कापूस, कात्री, दोरा आणि वजनाचा झोळीचा काटा. अडलेली बाई डोलीत घालून चार माणसे उतरणीने निघत आणि आक्का बाजूने चालत. सगळ्याच बाया पोचल्या नाहीत. एक बाई वाटेत रक्त जाऊन गेली. आक्का म्हणत, "जगली त्यांची नावं मी इसरले. गेली तिचं नाव इसरत न्हाई."

त्या काळात या नर्सबायांनी काय केले, हे सरकारी भाषेत आकड्यांनी लिहिले जाते. आम्ही साध्या शब्दांत लिहितो. देवीच्या रोगाने माणसे मरत आणि जगली ती व्रणांनी विद्रूप होत. देवी टोचून टोचून १९७५ साली देशातला शेवटचा रुग्ण सापडला, त्यानंतर नाही. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरल्याने नारू होई, पायातून दोऱ्यासारखा जंत निघे. पाणी गाळून पिणे आणि विहिरी सुधारणे, एवढ्यावर तो हटला, २००० साली देश नारूमुक्त ठरला. १९९५ पासून पोलिओचे रविवार सुरू झाले आणि २०११ च्या जानेवारीनंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण सापडला नाही. या प्रत्येक लढाईत शेवटच्या घरापर्यंत चालत गेली ती नर्सबाई.

पण सगळेच गोड नव्हते. १९७६ साली आणीबाणीत नसबंदीच्या केसेसचे लक्ष्य प्रत्येक नर्स आणि शिक्षकाच्या मानेवर बसले. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीचे विधेयकही मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. आक्कांवर दबाव आला. एका वरिष्ठाने एकच मूल असलेल्या आदिवासी बाईचे नाव यादीत घालायला सांगितले. आक्कांनी नकार दिला. त्यांची वेतनवाढ रोखली गेली. आक्का कुटुंबनियोजनाच्या विरोधात नव्हत्या. १९३८ साली मुंबई विधानसभेत बाबासाहेबांच्या पक्षाने संततिनियमनाचा ठराव मांडला होता, हे त्या बायांना अभिमानाने सांगत. "पण बाबासाहेबांनी बाईला हक्क दिला," असे त्या म्हणत, "सायबाला केस दिली न्हाई."

या भागातली आणखी एक गोष्ट आक्का सांगत. नारायणगावच्या विठाबाई तमाशाच्या बोर्डावर नाचत असताना त्यांना कळा सुटल्या, आत जाऊन त्यांनी मूल जन्माला घातले, दगडाने नाळ ठेचून तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकिगत महाराष्ट्राला ठाऊक आहे. लोक ती कौतुकाने सांगतात. आक्कांना ते कौतुक सहन होत नसे. "त्या बाईच्या हिमतीला माझा नमस्कार. पण एवढी माणसं समोर बसलेली, एकाला बी वाटलं न्हाई का, की आज खेळ बंद करावा?" बाळंतपणाची रजा हा बाईचा हक्क आहे, हे १९२८ साली मुंबई कायदे मंडळात बाबासाहेबांनी ठासून मांडले होते. कलावंत बाई, ऊसतोडीची बाई, वीटभट्टीवरची बाई, यांच्या वाट्याला तो हक्क अजूनही पुरता आलेला नाही.

आई म्हणून, आजी म्हणून

पुण्यानुमोदनाच्या दिवशी आक्कांचा थोरला मुलगा बोलायला उठला. साठी गाठलेला माणूस. तो म्हणाला, "तुम्ही सगळे म्हणता ती तुमची आई होती. खरं आहे. म्हणूनच ती आमच्या वाट्याला कमी आली. मला गोवर निघाला तेव्हा ती दुसऱ्या गावी गोवराची साथ बघत होती. मी तिच्यावर पुष्कळ वर्षं रागावलो होतो." सगळे स्तब्ध झाले. मग म्हणाला, "१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला. वडील मुंबईहून आले ते पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. त्यानंतर वडील, आम्ही तिघं भावंडं, आजी, आणि काकाची दोन पोरं एकट्या तिच्या पगारावर जगलो. वडिलांना तिनं एकदाही टोचून बोललं नाही. तेव्हा माझा राग गेला. पण ती घरी असती तर बरं झालं असतं, हे आजही वाटतं." आम्हाला हे बोलणे आवडले. आपल्याकडे मेलेल्या माणसाला देव करायची खोड आहे. मुलाने आईला माणूस म्हणून आठवले, तिची किंमत कमी केली नाही.

आक्का निवृत्त झाल्या २००१ साली. आजी म्हणून त्या कडक. नखे वाढलेला नातू जेवायला बसू शकत नसे. पण रात्री तीच आजी सगळ्यांना एका गोधडीत घेऊन बुद्धाची गोष्ट सांगे. एक भिक्खू हगवणीने आजारी पडला होता आणि आपल्याच घाणीत लोळत होता. कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो कोणाच्या उपयोगी पडला नव्हता. भगवंत आनंदाला घेऊन तिथे आले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून खाटेवर निजवले. मग भिक्खूंना बोलावून समजावले की इथे तुम्हाला आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांचे नाही केले तर कोण करणार, आणि आजाऱ्याची शुश्रूषा ही माझीच शुश्रूषा समजा. महावग्गात ही कथा आहे. चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुणही तिथे सांगितले आहेत. औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने करावे, मलमूत्र-ओकारीची किळस करू नये, आणि आजाऱ्याला धम्माच्या गोष्टी सांगून धीर द्यावा. आक्का म्हणत, "आमच्या शाळेत पुस्तकात जे शिकवलं, ते भगवंतांनी आधीच सांगून ठेवलेलं." ज्या कामाला गावगाड्याने विटाळ म्हटले ते काम बुद्धाने आपल्या हाताने केले. वस्तीतल्या जाणत्यांच्या शंकेला याहून मोठे उत्तर कोणते?

३० जुलै २०१४ ला माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले, दीडशेवर माणसे गेली. त्या परिसरातल्या वाड्यांवर आक्कांनी वर्षानुवर्षे टोचणी केली होती. टीव्हीवर मृतांची नावे सांगत होते आणि आक्का जुनी वही घेऊन बसल्या होत्या. त्या वहीत त्यांनी सोडवलेल्या बाळंतिणींची नावे आणि मुलांच्या तारखा होत्या. त्या दिवशी घरात कोणी त्यांच्याशी बोलले नाही.

सावित्रीबाईंची वाट

परिचारिका दिन १२ मेला असतो, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्मदिवशी. त्या थोरच. पण आपल्याला आपली तारीख आहे, ती १० मार्च. १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणे सावित्रीबाईंनी आपल्या घरात केली. त्यातल्याच काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, त्याला डॉक्टर केले. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा आई-मुलाने हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने पडला आहे असे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मूल वाचले. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. ज्या मुलाला शिवायला कोणी तयार नव्हते त्याला पाठीवर घेणारी बाई ही आपल्या सगळ्या नर्सबायांची आद्य आई आहे. आक्कांच्या पेटीच्या झाकणाला आतून सावित्रीबाईंचे चित्र चिकटवलेले होते.

आक्कांची नात आज नर्स आहे. पिंपरी-चिंचवडला. २०२० आणि २०२१ मध्ये करोनात तिने दिवस-रात्र काम केले, कित्येक आठवडे ती घरी आली नाही. आजी फोनवर रोज एकच विचारी, "जेवलीस का? हात धुतलेस का?" पण नातीची नोकरी कंत्राटी आहे. आजी सातवी शिकून कायम नोकरीत लागली, तिला पेन्शन मिळाली. नात पदवी घेऊन दर वर्षी करार पुढे सरकण्याची वाट बघते. गावातली आशाताई तर मानधनावर काम करते. आक्कांनी हा शब्द ऐकला तेव्हा म्हणाल्या, "मानधन? त्यात मान बी न्हाई आन् धन बी न्हाई. मर्जीनं द्यायचं त्याला आमच्याकडं बलुतं म्हणत."

हे वाक्य आम्ही विसरू शकत नाही. पणजोबांनी उपाशी राहून बलुते सोडले, आजीने सही करून पगार घेतला, आणि नातीच्या पिढीत पुन्हा कोणाच्या तरी मर्जीवर पोट आले, तर मधल्या दोन पिढ्यांनी काय मिळवले? आपल्या समाजातील असंख्य मुली नर्सिंगला गेल्या आहेत, जात आहेत. त्यांच्या नोकरीची हमी हा नर्स संघटनेपुरता प्रश्न नाही, तो आपल्या चळवळीचा प्रश्न आहे. जयंतीच्या वर्गणीत आणि मिरवणुकीत जेवढा जोर लावतो, त्याच्या निम्मा जोर या मागणीत लावला पाहिजे.

आणखी काही गोष्टी वस्तीवस्तीत करता येतील. येत्या १० मार्चला विहारात आपल्या भागातल्या निवृत्त नर्स, दाई आणि आशाताई यांना बोलवा. शाल-नारळापेक्षा त्यांचे अनुभव मुलींसमोर बोलते करा, कोणी ते वहीत लिहून घ्या. विहारात एक औषधपेटी ठेवा. गरोदर बाईचे नाव तिसऱ्या महिन्याच्या आत नोंदवा, सुया आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नका, बाळंतपण दवाखान्यातच करा, १०८ आणि १०२ हे नंबर दारावर लिहून ठेवा. बाळाला पहिल्या तासात आईचा चीक पाजा, तो पिळून टाकू नका. हगवण लागली तर ओ.आर.एस.ची पुडी द्या. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. थोडे थोडे पाजत राहा आणि बाळ मलूल झाले तर दवाखाना गाठा. हे सगळे आक्का चाळीस वर्षे दारोदार सांगत होत्या.

त्यांची ती जुनी वही आता नातीकडे आहे. शेवटच्या काही पानांवर बाळंतिणींची नावे नाहीत. तिथे आक्कांनी आपल्या पोराबाळांचे, सुनांचे, नातवंडांचे रक्तगट लिहून ठेवले आहेत, आणि खाली एक ओळ आहे, की कोणालाही गरज लागली तर विचारत बसू नका, जाऊन द्या.

कालकथित आक्कांना आमचे विनम्र अभिवादन. जयभीम.